शेगडी आम्ही घेऊ, मीटरची खोली तेवढी आपण उघडा : कोल्हापुरातील गृहनिर्माण संस्थांना खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि सर्व सभासद,
सहकारी गृहनिर्माण संस्था, कोल्हापूर शहर व उपनगरे.

विषय : स्वयंपाक आणि आंघोळीचे पाणी गॅसऐवजी विजेवर आणू इच्छिणाऱ्या कुटुंबांसाठी इमारतीची वीजव्यवस्था सक्षम करण्याबाबत.

महोदय / महोदया,

स. न. वि. वि.

राजारामपुरीत १९८८ साली बांधलेल्या २४ सदनिकांच्या एका इमारतीत मी राहते. गेल्या दोन वर्षांत आमच्या चौघांच्या घरातील जवळजवळ सगळा स्वयंपाक आणि आंघोळीचे पाणी गॅसवरून विजेवर आले आहे. ज्यांना असाच बदल करायचा आहे त्यांचे बहुतेक प्रश्न शेगडीविषयी असतात : कोणती घ्यावी, किती वॉटची घ्यावी, भाकरी फुगते का. हे पत्र आपल्याला लिहिण्याचे कारण असे, की या बदलातला शेगडीचा भाग सगळ्यात सोपा आहे आणि तो ज्याच्या त्याच्या हातात आहे. उरलेला भाग म्हणजे जिन्यातून वर येणारी मुख्य केबल, मीटरची खोली, अर्थिंग आणि गच्ची. हे सगळे संस्थेच्या ताब्यात आहे आणि संस्थेने ठराव केल्याशिवाय एकट्या सभासदाला त्याला हातही लावता येत नाही.

आमच्या घरी सुरुवात चुकीचीच झाली. दुकानातून २००० वॉटची इंडक्शन शेगडी आणली, ओट्यावर ठेवली आणि मिक्सरसाठी असलेल्या ५ अँपिअरच्या सॉकेटमध्ये जोडपिन घालून लावली. घरोघरी बहुतेक असेच होते, कारण जुन्या इमारतींत ओट्याजवळ दुसरा सॉकेटच नसतो. तिसऱ्या आठवड्यात सासूबाई भाकऱ्या करत असताना त्यांना जळका वास आला. त्यांना आधी पीठ करपले असे वाटले. मी प्लग ओढला तेव्हा तो सहज निघेना. एका पिनेभोवतीचे प्लास्टिक वितळून सॉकेटला चिकटले होते आणि भिंतीवर रुपयाएवढा काळा डाग पडला होता. शेगडीत काहीही दोष नव्हता. २००० वॉटची शेगडी २३० व्होल्टला पावणेनऊ अँपिअर ओढते, आणि पाचच्या सॉकेटकडून पावणेनऊची अपेक्षा आम्ही केली होती.

वायरमन आले, त्यांनी वितरण पेटीपासून ओट्यापर्यंत ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र वायर ओढली, १६ अँपिअरचा सॉकेट आणि त्याला वेगळा एमसीबी (जादा करंट आला की आपोआप पडणारे बटण) बसवला. काम अर्ध्या दिवसाचे होते. जाताना त्यांनी मला खाली मीटरच्या खोलीत नेले आणि टॉर्च धरून केबलची टोके दाखवली. आमच्या बाजूच्या चार घरांना जाणारी वायर अजून ॲल्युमिनियमची होती, जोडाच्या ठिकाणी ती काळवंडलेली होती आणि अर्थिंगची पट्टी एका ठिकाणी गंजून तुटली होती. "ताई, तुमच्या घरात मी सोनं जरी ओढलं, तरी करंट इथूनच येणार," असे ते म्हणाले. हिवाळ्यात सकाळी सात वाजता दोन-तीन घरांत गिझर लागले की आमच्याकडे दिवे का मंदावतात, हे मला त्या खोलीत पहिल्यांदा कळले.

आमच्या इमारतीला घरटी दीड किलोवॉट भार मंजूर होता. त्या काळात एका घरात दिवे, पंखे, फ्रीज, फार तर इस्त्री असा वापर असे. आज त्याच केबलवर वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह, कुठे एसी, आणि पार्किंगमध्ये विजेवरची स्कूटर आहे. म्हणजे ज्या सभासदाला गॅस सोडायचा नाही, त्याचाही भार वाढलेलाच आहे आणि मुख्य केबल बदलण्याची गरज त्यालाही तितकीच आहे. माझी ही विनंती चार हौशी कुटुंबांची म्हणून बाजूला ठेवली जाऊ नये, यासाठी हे मुद्दाम लिहीत आहे.

"सगळ्यांनी शेगड्या घेतल्या तर ट्रान्सफॉर्मर उडेल," हे वाक्य आमच्या सभेत दोनदा ऐकले. भीती रास्त आहे, म्हणून हिशेब मांडते. चोवीस घरांत एकाच क्षणी २००० वॉटच्या शेगड्या पूर्ण ताकदीवर चालल्या तर ४८ किलोवॉट होतात. प्रत्यक्षात कुकर शिट्टी होईपर्यंतच पूर्ण ताकद घेतो. नंतर आपण ती ६०० ते ८०० वॉटवर आणतो. तव्याला १००० ते १२०० पुरतात. कोणाच्या घरी डबे सहाला भरतात, कोणाच्या घरी आठला. त्यामुळे खरा भार ४८ च्या बराच खाली राहतो, पण तो किती राहतो हे अंदाजाने ठरवू नये. परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून भाराची मोजणी करून घ्यावी, वाढीव भारासाठी वीज कंपनीकडे रीतसर अर्ज करावा आणि मगच केबलचा आकार ठरवावा. सिंगल फेज घरगुती ग्राहकाला बिलातला दरमहाचा स्थिर आकार भार वाढला तरी सारखाच असतो, थ्री फेजला तो बराच जास्त पडतो. म्हणून प्रत्येक घराला थ्री फेज घेण्याची घाईही करू नये. एका शेगडीसाठी आणि एका गिझरसाठी, दोन्ही एकदम न लावण्याची सवय असेल तर, चांगली सिंगल फेज जोडणी पुरते.

गिझरचा विषय निघालाच आहे, तर या पत्रातील सगळ्यात तातडीची गोष्ट येथेच सांगते. कोल्हापुरात बाथरूममध्ये बसवलेले गॅस गिझर शेकड्याने आहेत. ते स्वस्त पडतात आणि कळ फिरवताच गरम पाणी देतात. पण बंद, लहान बाथरूममध्ये ज्योत जळत राहिली की प्राणवायू कमी होतो, ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आमच्याच इमारतीत दहावीतला एक मुलगा आंघोळीला गेला तो अर्धा तास बाहेर आला नाही. आईने हाका मारल्या, शेजाऱ्यांनी कडी तोडली. मुलगा नळ सुरू असताना जमिनीवर पडलेला होता. त्याला जिन्यात मोकळ्या हवेत आणले आणि तो वाचला. त्या दिवशी तोडलेल्या दाराची फळी बरेच दिवस जिन्याखाली उभी होती, आणि येता-जाता ती दिसली की माझ्या पोटात गोळा येई. स्वयंपाकाचे काय करायचे ते प्रत्येकाने सवडीने ठरवावे. बंद बाथरूममधला गॅस गिझर मात्र बाहेर काढण्यासाठी संस्थेने तारीख ठरवून द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याऐवजी काय, याचे उत्तर आपल्या बऱ्याच इमारतींच्या गच्चीवर आधीच उभे आहे. सौर बंब पावसाळ्याचे चार महिने सोडले तर उत्तम चालतो. राहिलेल्या दिवसांसाठी साधा गिझर हा एक मार्ग आहे. एक बादली, म्हणजे १८ लिटर पाणी २२ अंशांवरून ४२ अंशांवर न्यायला सुमारे ०.४ युनिट लागते. चौघांच्या आंघोळी दीड-दोन युनिटांत होतात. दुसरा मार्ग हीट पंपाचा. फ्रीज आतली उष्णता बाहेर टाकतो, तसा हा पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो. तो उष्णता निर्माण करत नाही, वाहून आणतो, म्हणून एका युनिटात सुमारे तीन युनिटांएवढी उष्णता पाण्याला मिळते. एका घरासाठी तो महाग पडतो, पण संस्थेने मिळून सौर बंबाच्या टाकीलाच एक मोठा हीट पंप जोडला तर खर्च विभागला जातो. शिवाय तो पहाटे चालवण्याची गरज नसते. दुपारी हवा सर्वांत उबदार असताना पाणी तापवून ठेवले, तर चांगल्या आवरणाच्या टाकीत ते दुसऱ्या सकाळपर्यंत पुरेसे गरम राहते. जुलै २०२५ पासून टीओडी (वेळेनुसार वापर नोंदवणारा) मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत लागू झाली, तीही अशा दुपारच्या कामालाच उपयोगी पडते.

आता स्वयंपाकाविषयी, कारण आपल्या गावात या प्रश्नाचे उत्तर दिल्याशिवाय कोणी पुढचे ऐकून घेणार नाही. कोल्हापुरी वाटणासाठी कांदा आणि सुके खोबरे थेट जाळावर भाजायची पद्धत आहे. इंडक्शनवर जाळ नाही, तेव्हा ते बिडाच्या तव्यावर भाजावे लागते आणि वेळ दीडपट लागतो. भरताचे वांगे तव्यावर भाजले की धुराचा वास येत नाही, हे मान्य करते. भाकरीचे मात्र जमले. बिडाचा तवा लोखंडाचाच असल्यामुळे इंडक्शनवर तो उत्तम चालतो. भाकरी टाकून पाणी फिरवायचे, उलटायची, आणि एरवी जाळावर जो शेवटचा शेक देतो तो तव्यावरच, आच १६०० वॉटवर नेऊन, कापडाच्या बोळ्याने कडेकडेने दाबत द्यायचा. पहिला महिनाभर पापुद्रा सुटत नव्हता. एके दिवशी तो सुटला, आणि सासूबाईंनी ती भाकरी ताटात न ठेवता तशीच हातात धरून बाहेर दाखवायला आणली.

जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, आणि तांब्याची पातेली या शेगडीवर तापत नाहीत, गोल बुडाची कढई चालत नाही. घरातले कोणते भांडे चालेल हे पाहायला लोहचुंबक पुरतो. तो बुडाला चिकटला तर भांडे चालते. आम्हाला एक स्टीलचा कुकर, दोन पातेली आणि एक सपाट कढई नव्याने घ्यावी लागली. मिळाले ते असे : एप्रिलमध्ये ओट्याजवळ उभे असताना डोक्यावरचा पंखा सुरू ठेवता येतो. ज्योत विझेल म्हणून तीस वर्षे पंखा बंद करून घामाघूम होत पोळ्या लाटलेल्या बाईला विचारा, या एका गोष्टीचे मोल काय आहे.

पैशांच्या बाबतीत मी कोणालाही खोटी आशा दाखवणार नाही. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि त्यातली उष्णता सुमारे १८० युनिटांएवढी भरते. साध्या शेगडीवर त्यातली साठ-पासष्ट टक्के भांड्यात जाते, बाकीची भांड्याच्या कडेने निघून स्वयंपाकघर तापवते. इंडक्शनमध्ये भांड्याचे बूडच तापत असल्याने सुमारे पंच्याऐंशी टक्के कामी येते. म्हणजे एका सिलिंडरचा स्वयंपाक १३० ते १४० युनिटांत होतो. आमची गॅसची टाकी चाळीस दिवस जात असे. ओट्याच्या वायरला लावलेला सबमीटर आता दिवसाला सरासरी सव्वातीन युनिट दाखवतो, म्हणजे हिशेब जुळतो. एप्रिल २०२५ मध्ये सिलिंडर ५० रुपयांनी महागला तेव्हा किंमत साडेआठशेच्या घरात गेली. वीजबिलाच्या पहिल्या, १०० युनिटपर्यंतच्या टप्प्याचा दर धरला तर दोन्ही जवळपास बरोबरीत येतात. परंतु १०१ ते ३०० च्या टप्प्यात दर जवळजवळ दुप्पट होतो, आणि स्वयंपाकाचे युनिट नेमके तेथेच जाऊन पडतात. तेथे वीज गॅसपेक्षा महाग पडते, हे सरळ सांगायला हवे.

आमच्या घरी त्यावर पहिला उपाय पंख्यांनी केला. जुने ७५ वॉटचे चार पंखे काढून २८ वॉटचे, कमी वीज घेणाऱ्या मोटरचे बीएलडीसी पंखे लावले. चारही पंखे सरासरी सात तास चालतात असे धरले, तर महिन्याला ४० युनिटांच्या आसपास बचत होते. स्वयंपाकाच्या शंभरातले चाळीस युनिट असे छतावरूनच परत मिळाले. म्हणून मी सांगत असते की आधी पंखे बदला, मग शेगडी घ्या.

दुसरा उपाय गच्चीचा, आणि तो पर्यावरणाच्या दृष्टीनेही अटळ आहे. इंडक्शन शेगडीवर स्वयंपाक केला म्हणजे कार्बन वाचला, असे मानणे आज चूक आहे. आपल्या ग्रीडमधली, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्यातली, बहुतांश वीज अजून कोळशाची आहे आणि युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. १३५ युनिटांचे ९५ किलो होतात. सिलिंडर जाळला तर सुमारे ४२. घरातली हवा विजेने लगेच स्वच्छ होते, कारण गॅसच्या ज्योतीतून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड हा घातक वायू स्वयंपाकघरातून नाहीसा होतो. पण बाहेरच्या हवेचा हिशेब गच्चीवर सौर संच बसेपर्यंत जुळत नाही. एक किलोवॉटच्या संचाला साधारण १०० चौरस फूट जागा लागते आणि तो महिन्याला सरासरी ११० युनिट देतो. एका कुटुंबाच्या स्वयंपाकाला तेवढे पुरते. चोवीस घरांना चोवीसशे चौरस फूट. आपल्याकडचा पाऊस पाहता जून ते सप्टेंबर उत्पादन घटणार, पण ग्रीडला दिलेली वीज बिलातून वजा करणाऱ्या नेट मीटरमुळे उन्हाळ्यातले जादा युनिट त्या आर्थिक वर्षाअखेरपर्यंत पुढे वापरता येतात. एप्रिल-मेची शिल्लक पावसाळ्यात कामाला येते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३०,००० रुपये, तीन किलोवॉट आणि त्यापुढे एकूण ७८,००० रुपये अनुदान ठरवले गेले. गृहनिर्माण संस्थेच्या लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपयांची तरतूद आहे. पण सदनिकाधारकाला गच्चीवर पॅनेल लावायचे तर संस्थेची संमती लागते, आणि बहुतेक अर्ज येथेच अडतात. गच्ची सगळ्यांची आहे म्हणून ती कोणालाच मिळत नाही. कोणाच्या वाट्याला किती चौरस फूट, गळती झाल्यास जबाबदारी कोणाची, वॉटरप्रूफिंगच्या वेळी पॅनेल कोणी काढायचे, एवढे एका कागदावर ठरले तरी निम्मे वाद मिटतील.

पुराचा अनुभव असलेल्या शहरात आणखी एक प्रश्न येतो, आणि तो मलाही पडला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला तेव्हा बाहेरून येणारे सामान अडले, गॅसच्या टाक्याही अडल्या. त्याच वेळी पाणी चढलेल्या भागांत वीजही बंद होती. एकाच गोष्टीवर विसंबून राहू नये, हे पंचगंगेने आपल्याला शिकवले आहे. आम्ही गॅसची जोडणी तोडलेली नाही. एक भरलेली टाकी आणि एका बर्नरची शेगडी पोटमाळ्याखाली ठेवली आहे. ती वर्षात एखाद-दुसऱ्या वेळी लागते. कोणी पूर्ण गॅस सोडावा असा माझा आग्रह नाही. आपल्या देशाला लागणाऱ्या एलपीजीपैकी सुमारे ६० टक्के आयात होतो, त्यातला बहुतेक पश्चिम आशियातून समुद्रमार्गे येतो, आणि तिकडे काही बिघडले की आपल्या गल्लीत टाकीचा नंबर लांबतो. अशा वेळी ज्या घरात दोन मार्ग आहेत त्या घरातली चूल पेटते, एवढाच त्याचा अर्थ आहे. मात्र मीटरची खोली तळमजल्यावर आणि पुराच्या रेषेत असेल, तर केबल बदलताना मीटर उंचावर घेण्याचे कामही त्याच खर्चात करून घ्यावे. नंतर पुन्हा भिंत फोडण्यात अर्थ नाही.

खर्चाचा प्रश्न आपण विचाराल. उपविधींप्रमाणे आपण दुरुस्ती व देखभाल निधी जमा करतोच, आणि मुख्य केबल, अर्थिंग, मीटरचे पॅनेल ही त्या निधीचीच कामे आहेत. रंगरंगोटीचा ठराव दहा मिनिटांत मंजूर होतो. केबल डोळ्यांना दिसत नाही म्हणून मागे पडते. आमच्या संस्थेत हा विषय दोन वर्षे "पुढील सभेत" गेला. या वर्षी अखेर भाराची मोजणी झाली आणि दोन ठेकेदारांची दरपत्रके आली आहेत. घराच्या आतली वायर आणि सॉकेट सभासदाने स्वखर्चाने करावा, जिन्यापर्यंतचे काम संस्थेने करावे, अशी वाटणी आम्ही ठरवली आहे. ज्या इमारती अपार्टमेंट कायद्याखाली आहेत त्यांचे नियम थोडे वेगळे असतील, मीटरच्या खोल्या मात्र सारख्याच आहेत.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यायची असते आणि तिची नोटीस चौदा दिवस आधी निघते. आपल्या संस्थेची विषयपत्रिका अजून तयार झाली नसेल, तर भाराची मोजणी, अर्थिंगची तपासणी, बंद बाथरूममधील गॅस गिझर आणि गच्चीचे वाटप हे चार विषय तीत घ्यावेत. नोटीस निघण्याआधी एखाद्या संध्याकाळी, सातच्या सुमारास, जेव्हा प्रत्येक घरात दिवे आणि टीव्ही सुरू असतात, तेव्हा आपल्या वायरमनला बरोबर घेऊन मीटरची खोली उघडावी आणि वायरीचे जोड टॉर्चच्या उजेडात पाहावेत. कशालाही हात न लावता वायरमन दाखवतील ते पाहणे पुरेसे आहे. आमच्या संस्थेची मोजणी, दरपत्रकांचा नमुना आणि सबमीटरच्या दोन वर्षांच्या नोंदींची वही मी कोणत्याही संस्थेच्या सभेत घेऊन येण्यास तयार आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
राजारामपुरीतील एक सभासद